तड्याचं टोक

पावणेपाचला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावलेला असायचा तो बायकोच्या समाधानासाठी. वाजायच्या आधीच हा त्याचं तोंड दाबायचा. कारखान्यात पहिली पाळी सहाला लागायची. देखभालीचा फिटर सहाच्या ठोक्याला आत शिरला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण हा अर्धा तास आधी जायचा. यंत्र चालू असलं की आवाजाआड काहीही लपवतं, गप्प असलं की लपवायला जागा उरत नाही, असं त्याचं मत होतं. टॉर्च आणि फडकं घेऊन तो एकेका यंत्राभोवती फिरायचा, वाकायचा, हात फिरवायचा. या फेरीचे पैसे मिळत नव्हते. त्याबद्दल तो कधी बोललाही नाही.

सगळे त्याला गिरमिट म्हणायचे. एक तर निम्मं आयुष्य लोखंडाला भोकं पाडण्यात गेलं होतं. दुसरं, एखादी गोष्ट डोक्यात शिरली की समोरचा हात टेकेपर्यंत हा त्याचा पिच्छा सोडायचा नाही. ड्रिलचं पातं तो स्वतः धार लावल्याशिवाय वापरत नसे. दुसऱ्यानं धार लावलेलं पातं म्हणजे दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश, असं म्हणायचा.

शेडच्या मधोमध थोरली उभी होती. सगळ्यात मोठी प्रेस, म्हणून थोरली. जाड पोलादी प्लेटांची, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच, आणि बाजूनं पाहिलं तर आ वासून बसलेल्या जनावरासारखी. खालच्या जबड्यावर पत्रा ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची. वरच्या जबड्यातला ठोकळा धाडकन खाली यायचा आणि पत्र्याचं झाकण होऊन बाहेर पडायचं. दर ठोक्याला थोरलीचा आ केसभर फाकायचा आणि परत मिटायचा. डोळ्याला ते दिसत नाही. तळहात लावला तर कळतं.

तिच्यासमोर उभा राहायचा तो गिरमिटचा मेहुणा. बायकोचा धाकटा आणि एकुलता एक भाऊ. गिरमिटनंच शब्द टाकून त्याला तिथं चिकटवलं होतं. एकाच जागी उभं राहून राहून त्याच्या बुटांचे दोन काळे डाग जमिनीवर उमटले होते.

त्या महिन्यात एका सकाळी टॉर्चच्या उजेडात गिरमिटला थोरलीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं वरचा जबडा मागच्या उभ्या कण्याला मिळतो तिथं, रंग फाटलेला दिसला. केसाएवढी रेघ. नखानं रंग काढला. खाली लोखंडातही रेघ होतीच.

फोरमननं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. फोरमन स्वतः याच प्रेसवर वाढलेला, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. थोरलीला बाहेरून आवळणारे जाड दांडे बसवणं हा खरा उपाय होता, पण दांडे बनून यायला महिना लागणार होता आणि झाकणांची मोठी ऑर्डर गळ्याशी आली होती.

"तोवर थोपव," फोरमन म्हणाला.

तडा थोपवायची रीत जुनी आहे. तडा वाढतो तो टोकाकडून. टोक सुईसारखं असतं म्हणून वाढतो. नेमकं टोकावर आरपार भोक पाडलं की सुई बोथट होते आणि तडा तिथंच अडतो. सुट्टीच्या दिवशी गिरमिट एकटा थोरलीपाशी बसला. आधी रंग काढला. मग ग्राइंडर फिरवून तेवढी जागा अशी चकचकीत केली की त्यात तोंड बघावं. मग तडे शोधायचा लाल रंग फवारला, थांबला, पुसून घेतला आणि वर पांढरी पावडर मारली. तड्यात शिरलेला रंग पावडरीतून वर आला. बोटभर लाल रेघ, स्पष्ट, टोकासकट. टोकावर पंच ठोकून खूण केली, आधी बारीक पातं घातलं, मग मोठं. घाई नाही, जोर नाही, पातं आपल्या वजनानं जाऊ दिलं. शेवटी भोकाची आतली भिंतसुद्धा पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं भोकात करंगळी घालून पाहिली. "दाजी, एवढ्याशा भोकाला अख्खी सुट्टी घालवलीत? मी समजलो खिडकी बसवताय."

"करंगळी काढ. अडकली तर तुझ्यासकट प्रेस चालवावी लागेल."

थोरली सुरू झाली. आठवडा गेला.

घरी, म्हणजे भाड्याच्या दोन खोल्यांत, खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा भिंतीवर तिरका चढत गेला होता. बायको दर वर्षी त्यात पुट्टी भरायची आणि दर वर्षी तो पुट्टीसकट फाटायचा. त्या दिवशी संध्याकाळी ती स्टुलावर चढून पुन्हा तेच करत होती.

"भिंत घरमालकाची, पुट्टी आपली," ती म्हणाली. "स्वतःच्या भिंतीला कधी लावायला मिळणार कोण जाणे."

"मिळेल."

"तुमचं 'मिळेल' ऐकता ऐकता केस पिकले माझे."

मुलगी खाली बसून चहा पीत होती. ती कॉलेजात गणित शिकत होती. "आई, कितीही भर, तो येणारच. कोपरा आहे ना तिथं. तडे कोपऱ्यातूनच निघतात."

"हे शिकायला कॉलेज लागतं? मला विचारायचंस, फुकट सांगितलं असतं."

गिरमिटनं मात्र कप खाली ठेवला. "का निघतात पण?"

"झालं," बायको म्हणाली. "आता लागलं गिरमिट."

मुलीनं बोटानं भिंतीवर तड्याचं टोक दाखवलं. "ताण किती येतो त्याचं सूत्र असतं, बाबा. टोकापासून जे अंतर असेल त्याच्या वर्गमूळानं भागायचं. अंतर पाव केलं की ताण दुप्पट. परत पाव केलं, परत दुप्पट. असं जवळ जवळ जायचं. अगदी टोकावर अंतर शून्य. तिथं ताण बेसुमार वाढून अनंत होतो."

"अनंत ताण सोसेल असं लोखंड मी पाहिलेलं नाही."

"नसतंच. खरं लोखंड त्याच्या आधीच ताणलं जातं, फाटतं. अनंत लोखंडात नसतो, कागदावर असतो. तो आला म्हणजे सूत्राची हद्द संपली. अशा जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात."

"हा शब्द कॅन्टीनमध्ये ऐकलाय. एक दिवस यंत्रं माणसापेक्षा हुशार होणार, मग आपल्याला कायमची सुट्टी, असं कुणीतरी सांगत होतं."

"शब्द तोच. त्या दिवसानंतर काय होईल ते आजच्या हिशेबानं सांगता येत नाही, म्हणून इकडून उसना घेतला. मोठे तारे विझले की स्वतःच्याच वजनानं आत कोसळतात, त्यांच्या पोटातही सूत्रं अशीच अनंतावर येऊन थांबतात. तिथं खरं काय आहे ते कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे कळेनासं झालं की हा शब्द तोंडावर मारायचा."

"उलट. कुठपर्यंत कळतंय त्याची ती पाटी आहे. इथून पुढं हे सूत्र चालणार नाही, दुसरं काढा." मुलगी आता सरसावून बसली होती. "आणि सगळ्या अशा जागा खऱ्या नसतात. उत्तर ध्रुवावर उभं राहिलं तर आपण कुठल्या रेखांशावर?"

गिरमिटनं विचार केला. "सगळ्याच रेघा तिथं येतात."

"हो ना. पण म्हणून जमीन तिथं फाटलेली नसते. आपली रेघा मारायची पद्धत तिथं फसते, बस. दुसरीकडं मात्र खरंच काहीतरी तुटत असतं. कुठं पद्धत फसली आणि कुठं वस्तू तुटतेय, ते ओळखण्यातच आमची निम्मी परीक्षा जाते."

"आम्ही टोकावर भोक पाडतो," गिरमिट म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी ऐट होती.

"बरोबर करता. टोकाला गोलाई आली की ते शून्य जातं, ताण आवाक्यात येतो. फक्त टोक भोकात सापडायला हवं. जरासं जरी पलीकडं उरलं तरी सगळं होतं तिथंच. उलट भोकाएवढा तडा लांब झाला म्हणायचं."

"सापडलंय. दिसलं तिथंच पाडलंय."

"मग झालं तर."

मुलगी कप उचलून आत गेली. गिरमिट भिंतीकडं बघत राहिला. बायकोनं सुरीनं पुट्टी ओढली, वरून सारखी केली, आणि तड्याचं टोक दिसेनासं झालं. आत तडा होता तसाच होता. वर भिंत साफ.

तो उठून उभा राहिला.

ग्राइंडर. ग्राइंडर लोखंड नुसतं खरवडत नाही. वरचा थर गरम करून लोण्यासारखा पसरवतो. तडा रुंद असतो तिथं त्याचं काही चालत नाही, पण टोकाशी, जिथं तडा केसाहून बारीक होतो, तिथं तो पसरलेला थर तोंड बुजवून टाकतो. बुजलेल्या तड्यात लाल रंग शिरत नाही. म्हणजे पावडरीवर रेघ संपली ती तडा संपला म्हणून, की त्यानं चकाकी आणली म्हणून? भोकाची आतली भिंतसुद्धा त्यानं घासून गुळगुळीत केली होती. एखाद्या आळशी फिटरनं हे काम अर्धवट केलं असतं तर टोक दिसलं असतं.

त्यानं मेहुण्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"काय झालं?" बायकोनं स्टुलावरून विचारलं.

"काही नाही. तुझा भाऊ लवकर झोपतो का हल्ली?"

"पाळी लवकरची असली की झोपतो. का?"

थोरली रात्री बंद असते, हा एकच आधार होता. दुसऱ्या दिवशी पावणेपाच वाजले तेव्हा तो कारखान्याच्या रस्त्यावर होता. बस सुरू झाल्या नव्हत्या, तो पायी निघाला होता. फाटकापाशी पोचायच्या आधीच त्याला तो आवाज आला. धाड. थोडी शांतता. धाड. ऑर्डरसाठी फोरमननं थोरली आणि आजूबाजूची यंत्रं लवकर सुरू केली होती.

तो पळाला. या वयात पळताना माणूस कसा दिसतो याची पर्वा न करता पळाला.

मेहुणा आपल्या दोन काळ्या डागांवर उभा होता. दाजींना बघून हसला, काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही. गिरमिटनं आधी थांबायचं बटण दाबलं, मग मुख्य खटका खाली ओढला आणि खिशातलं लाल कुलूप त्यात अडकवून दाबलं.

देखभालीच्या प्रत्येक फिटरला असं एक कुलूप मिळतं. किल्ली एकच, त्याच्याकडं. यंत्रात हात घालताना खटका बंद करून त्याला हे कुलूप लावायचं. मग फोरमन येवो नाहीतर मालक, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. हा नियम मोडलेला त्या शेडमध्ये कुणी पाहिला नव्हता. पण चांगल्या चाललेल्या यंत्राला कुणी ते लावलेलंही पाहिलं नव्हतं.

"दाजी, काय झालं?"

"तिथून बाजूला हो आधी."

फोरमन केबिनमधून तरातरा आला. "कुणी बंद केली?"

"मी."

"का?"

"टोक चुकलंय."

"कुणाचं?"

"माझं."

फोरमन कोपऱ्याशी वाकला. भोक पाहिलं, भोकाच्या पलीकडं पाहिलं. चकचकीत लोखंड. "कुठं दिसतंय?"

"दिसत नाही."

"दिसत नाही आणि चुकलंय?"

"मी ग्राइंडर मारला होता. म्हणून दिसत नसेल."

"नसेल," फोरमन म्हणाला. "नसेल! हे बघ. टोक बरोबर निघालं तर आजची पाळी बुडवली म्हणून तू अडकणार. चुकीचं निघालं तर भोक चुकवलं म्हणून अडकणार. दोन्हीकडून तूच. डोक्यात शिरतंय का?"

"शिरलंय. येतानाच शिरलंय."

आजूबाजूची यंत्रं एकेक करून थांबली होती. माणसं हात पुसत बघत होती. मेहुण्याचे कान लाल झाले. तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "दाजी, काढा ते कुलूप. आधीच लोक म्हणतात, दाजीच्या कडेवर बसून कामाला येतो. इथं दुसरा कुणी उभा असता तर लावलं असतंत?"

गिरमिटनं त्याच्याकडं पाहिलं. खरं उत्तर त्याला माहीत नव्हतं. "लावलं असतं," तो म्हणाला. "पण इतका पळालो नसतो."

"एकदा बघ," फोरमन म्हणाला. "एकदाच. मग किल्ली माझ्या हातात."

या वेळी त्यानं ग्राइंडरला हात लावला नाही. काडीला कापसाचा बोळा गुंडाळला, पातळ ॲसिडमध्ये बुडवला आणि भोकाच्या पलीकडच्या चकाकीवर हळूहळू फिरवला. चकाकी गेली, लोखंड राखाडी पडलं. धुतलं, कोरडं केलं. लाल रंग लावला. मग थांबायचं असतं. रंगाला आत शिरायला वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळात करण्यासारखं काहीच नसतं. तो उकिडवा बसून राहिला. पाठीमागं कुणीतरी खोकलं. फोरमन घड्याळाकडं बघत नव्हता, पण मनगट फिरवत होता.

रंग पुसला. पांढरी पावडर मारली. भोकाच्या अलीकडं जुनी रेघ लगेच उमटली, ठसठशीत. पलीकडं पांढरंशुभ्र.

सगळे बघत होते. पांढरंशुभ्र.

"किल्ली," फोरमन म्हणाला.

"थोडं थांबा."

"गिरमिट, आता पुरे. किल्ली दे."

त्याचा हात खिशाकडं गेला. किल्ली बोटांना लागली. आयुष्यात त्यानं पुष्कळदा लोकांना गिरमिट लावलं होतं, पण तेव्हा आपण बरोबर आहोत हे त्याला माहीत असायचं. या वेळी माहीत नव्हतं. आणि खरं म्हणजे त्याला चूक ठरायचंच होतं. पावडर अशीच पांढरी राहावी, सगळ्यांनी हसावं, पाळी आपल्या नावावर मांडावी आणि थोरलीला काही झालेलं नसावं.

"साहेब," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "ते काय आहे?"

भोकाच्या वरच्या कडेला फिकट गुलाबी ठिपका आला होता. पावडरीवर शाईचा थेंब पसरावा तसा तो गडद झाला. त्याच्यावर दुसरा. मग तिसरा. मग ठिपके एकमेकांना मिळाले आणि रेघ झाली, आणि रेघ वर चढत राहिली. अलीकडच्या रेघेहून ती लांब भरली. थोरलीच्या कण्यात खोल शिरलेली.

फोरमनचा पुढं केलेला हात तसाच राहिला. मग त्यानं तो मागं घेतला आणि पँटला पुसला.

मेहुण्यानं रेघेकडं पाहिलं, वरच्या जबड्याकडं पाहिलं, मग खाली आपल्या बुटांच्या दोन काळ्या डागांकडं. तो जाऊन पत्र्यांच्या थप्पीवर बसला. बराच वेळ उठला नाही.

त्याच दिवशी गिरमिटनं दुसरं भोक पाडलं. दिसलेल्या टोकाच्याही जरा पुढं. भोकाची आतली भिंत ॲसिडनं उघडी करून, रंग घालून पाहिली. साफ होती. तरीही दांडे येईपर्यंत कुलूप काढणार नाही, असं त्यानं सांगितलं. फोरमननं वाद घातला नाही. वर मात्र जे कळवायचं ते कळवलं: भोक चुकलं, कुणाचं चुकलं. फिटरांच्या वरची चार्जमनची जागा त्या वर्षी त्याला मिळायची होती, ती दुसऱ्याला मिळाली. गिरमिटची पगारवाढ थांबली. झाकणांची ऑर्डर उशिरा गेली त्याचं खापरही थोडंफार त्याच्यावर फुटलं. तडा तपासायच्या आधी ग्राइंडर लावायचा नाही, असा नियम शेडमध्ये झाला. तो करताना त्याचं नाव कुणी घेतलं नाही, आणि त्यानं ते घेण्यासारखं काही केलंही नव्हतं.

घरी बायकोला त्यानं इतकंच सांगितलं की घर आणखी लांबलं. तिनं का विचारलं. तो म्हणाला, तुझ्या भावाला विचार. भावानं काय सांगितलं कोण जाणे, पण पुन्हा तिनं घराचा विषय काढून त्याला टोचलं नाही.

घर झालं ते तो निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी. पावणेपाचला उठून मिळवलेल्या सगळ्या पगारांतून दोन खोल्या आणि चार खिडक्या. गवंडी खिडक्यांची भोकं चौकोनी ठेवायला निघाला तेव्हा यानं त्याला थांबवलं.

"कोपरे गोल करायचे."

"सगळे?"

"सगळे."

"काका, काच गोल कापावी लागेल. काचवाला जास्त मागेल. आणि दिसेल कसं?"

"मागू दे. आणि आत तू राहणार आहेस की मी?"

चौकटी त्यानं स्वतः वाकवल्या. मुलगी येऊन बघून गेली, अंगठ्याएवढी गोलाई पुरली असती म्हणाली. यानं तळहाताएवढी दिली होती. राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी मेहुणा आला, दोन्ही हातांत कप धरून खिडकीपाशी उभा राहिला. "दाजी, घर बांधलंत की जहाज?"

"बुडत नाही ना? मग चहा पी."

बायकोनं सवयीनं पुट्टीचा डबा आणून ठेवला होता. तो कपाटावर तसाच राहिला, आणि कधी उघडलाच नाही म्हणून आतल्या आत दगड झाला.